आधी केव्हा, मग कुठे

लाइन पूर्ण मेली तर बरं असतं. मोडेमवरचा दिवा विझतो, फोनमध्ये टोन येत नाही, तक्रार नोंदवली की माणूस येतो, तुटलेली तार जोडतो आणि निघून जातो. खरा छळ मांडते ती रोज थोडीशी मरून पुन्हा जिवंत होणारी लाइन. दिवसभर ती ठणठणीत असते. मध्येच कधीतरी दिवा लुकलुकायला लागतो, चालू बैठकीत समोरच्याचा चेहरा अर्ध्या शब्दावर थिजतो आणि आपण पुन्हा जोडले जाईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. तक्रार करायला फोन लावावा, तर तोवर सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. “आत्ता चालू आहे ना?” या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर “हो” हेच असतं, आणि त्या एका “हो”वर तक्रार बंद होते.

आमचं घर एक्स्चेंजपासून तारेच्या वाटेने जवळपास चार किलोमीटरवर. सरळ रेषेत मोजलं तर अंतर बरंच कमी भरेल, पण तार पक्ष्यासारखी जात नाही. ती रस्ता धरून, शेतांना वळसे घालत, खांबाखांबाने येते. हे चार किलोमीटर काय करतात ते आधी सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्यात आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीवर एडीएसएलचा, म्हणजे फोनच्याच तारेवरून चालणाऱ्या ब्रॉडबँडचा, सिग्नल दर किलोमीटरला साधारण पावणेचौदा डेसिबलने क्षीण होतो, असा एक ढोबळ हिशोब या धंद्यात चालतो. म्हणजे आमच्या दारात येईपर्यंत पंचावन्न डेसिबल गेले. डेसिबलची भाषा बाजूला ठेवली तर, एक्स्चेंजमधून निघालेल्या शक्तीचा तीन लाखांतला एक हिस्सा आमच्यापर्यंत पोहोचतो. त्यावर मोडेमला अक्षरं ओळखायची असतात.

आणि तो ती ओळखतो, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. २००३ साली मान्य झालेल्या एडीएसएल-टू-प्लसमध्ये एका तारेवर २२०८ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतात आणि त्याचे ५१२ बारीक कप्पे करतात, प्रत्येकी ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे. त्यांना टोन म्हणतात. जोडणी होताना दोन्ही टोकांची यंत्रं प्रत्येक टोनवर किती गोंगाट आहे ते तपासतात आणि त्या मानाने त्यावर बिट लादतात. स्वच्छ टोनवर पंधरापर्यंत, गढूळ टोनवर दोन-तीन, आणि जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे शून्य. दर जादा बिटाला साधारण तीन डेसिबलची किंमत पडते. शिवाय अचानक गोंगाट वाढला तर हाताशी असावी म्हणून थोडी शिल्लक राखून ठेवतात, बहुधा सहा डेसिबल. तिला नॉइज मार्जिन म्हणतात. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर हा आकडा दिसतो. लाइनच्या तब्येतीबद्दल एकच आकडा बघायचा असेल तर तो हा.

शहरात, एक्स्चेंजपासून पाचशे मीटरवर राहणाऱ्याच्या लाइनमध्ये एखादा जोड सडला आणि दहा डेसिबल खाऊन गेला, तरी त्याला कळतही नाही. त्याच्याकडे उधळायला भरपूर असतं. आमच्यासारख्यांची गत महिनाअखेरच्या खिशासारखी. चार आण्याचा जादा खर्च निघाला की घर कोलमडतं. त्यामुळे खेड्यातल्या लाइनला जास्त रोग होतात हे अर्धंच खरं आहे. रोग सगळीकडे सारखेच असतात; इथे ते लगेच दिसतात, एवढंच.

मदतकेंद्राची एक पोथी असते. राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. मी या पोथीला हसत नाही, कारण कितीतरी घरांत तेवढ्यानेच काम होत असणार. पण वारंवार तुटणाऱ्या लाइनवर हा उपाय उलटू शकतो. बऱ्याच कंपन्यांच्या एक्स्चेंजमध्ये लाइनवर नजर ठेवणारी एक स्वयंचलित व्यवस्था असते. लाइन पुन्हापुन्हा तुटताना दिसली की ती समजते, ही लाइन अशक्त आहे. आणि मग राखीव मार्जिन वाढवते, वेग उतरवते, विदा (डेटा) विस्कटून पाठवण्याचं प्रमाण वाढवते, त्यामुळे उत्तर यायला उशीर लागतो. आता ती तूट खरोखरच्या बिघाडाने झाली की आपण पोथीप्रमाणे बटण दाबल्याने, हा फरक या व्यवस्थेला दर वेळी कळेलच असं नाही. म्हणजे रोगी तपासायला आलेला प्रत्येक जण त्याचं थोडं रक्त काढून जातो. म्हणून मी ठरवलं, मोडेमला हात लावायचा नाही. तुटली तर तुटू दे. फक्त नोंद करायची.

घरातली तपासणी त्याआधी उरकली होती. ती करावीच लागते, नाहीतर पुढचं काहीच बोलता येत नाही. तार घरात शिरते त्या पहिल्या पेटीलाच मोडेम थेट जोडायचा, आतलं बाकी सगळं सोडवून ठेवायचं: जादा फोन, आवाज आणि ब्रॉडबँड वेगळे करणारे फिल्टर, पलंगामागून गेलेली ती जुनी वायर जी कुणी आणि कशासाठी टाकली ते आता कुणालाच आठवत नाही. तरीही लाइन तुटत राहिली तर दोष घराबाहेर आहे. शोधाची जागा अर्धी झाली. आमच्याकडे तुटत राहिली.

मग बाहेर काय? इथे प्रत्येकाचा स्वभाव “कुठे” विचारण्याचा असतो. कुठला खांब, कुठला जोड, कुठलं झाड तारेला टेकलंय. चार किलोमीटरच्या वाटेवर “कुठे” विचारणं म्हणजे चालत सुटणं, आणि चालताना बिघाड हजर नसेल तर सगळे खांब सारखेच निर्दोष दिसतात. मला हळूहळू पटत गेलं की येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाला आधी “केव्हा” विचारायला हवं. प्रत्येक बिघाड कुठल्या ना कुठल्या घड्याळावर चालतो. ते घड्याळ कुणाचं आहे हे कळलं की अर्धं काम होतं.

घड्याळं कितीतरी प्रकारची असतात, आणि त्यातली काही इतकी जलद असतात की ती घड्याळं आहेत हे लक्षातच येत नाही. ज्या देशांत वीज ५० हर्ट्झची आहे तिथे विजेच्या लाटेचा जोर सेकंदाला शंभर वेळा शिखर गाठतो. एखाद्या स्वस्त चार्जरमध्ये किंवा दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, बिघाड झाला की तो दर दहा मिलिसेकंदांनी एक ठिणगीसारखा धक्का हवेत सोडतो. डीएसएलमध्ये सेकंदाला सुमारे चार हजार चिन्हं जातात, म्हणजे दर चाळिसाव्या चिन्हावर एक टपली. आवाजाच्या फोनवर याचा मागमूस लागत नाही. मध्यम लहरींचा रेडिओ घेऊन दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावला आणि घरभर फिरलं, तर गुन्हेगाराजवळ तो भुंग्यासारखा गुणगुणतो. याहून संथ घड्याळ शेताच्या कुंपणाचं. झटका मशीन साधारण सेकंदाला एक धक्का सोडतं. त्याची तार फोनच्या तारेला समांतर बरीच लांब गेली असेल, किंवा कुंपणावर ओलं गवत टेकून ठिणग्या उडत असतील, तर फोनमध्ये टक्... टक्... ऐकू येतं आणि मोडेमच्या चुकांचा आकडा त्याच तालावर चढतो. यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही, कान पुरतो. फोनवर एक आकडा दाबून डायल टोन घालवायचा आणि शांततेत ऐकत राहायचं.

माणसाचं घड्याळ मात्र भिंतीवरचं असतं. वेल्समधल्या अबेरहोसान गावाची गोष्ट २०२० साली जगभर छापून आली होती. तिथे तब्बल अठरा महिने रोज सकाळी सात वाजता गावभराचं ब्रॉडबँड ढेपाळायचं. केबलचा मोठा भाग बदलून झाला, उपयोग शून्य. शेवटी इंजिनिअर मंडळी स्पेक्ट्रम ॲनलायझर, म्हणजे कुठल्या लहरीवर किती गोंगाट आहे ते दाखवणारं यंत्र, घेऊन पहाटे सहा वाजता, मुसळधार पावसात गावात फिरली आणि सातच्या ठोक्याला त्यांना गोंगाटाचा लोट सापडला. एका घरातला जुना दूरचित्रवाणी संच. घरमालक सकाळी सातला तो लावत असत, आणि लावताक्षणी तो गावाच्या तारांवर विद्युत गोंगाट सोडत असे. या गोष्टीत सगळे त्या संचाला हसले. मला त्यात दुसरंच दिसतं: सातची वेळ तर पहिल्यापासून माहीत होती. रोज सात. भिंतीवरचं घड्याळ इतक्या इमानाने पाळणारी वस्तू खांबावर नसते, घरात असते. केबल कितीही बदलली तरी ती सात वाजता उठत नाही.

चौथं घड्याळ मला सगळ्यात आवडतं, कारण ते आकाशात आहे. आमच्या लाइनचं मार्जिन रोज संध्याकाळी दीड-दोन डेसिबलने खाली येई आणि सकाळी पुन्हा वर जाई. आलेख काढला तर एक लांबट खळगा. पहिल्यांदा वाटलं, हाच तो चोर. पण या खळग्यात लाइन तुटत नव्हती, आणि खळगा दर आठवड्याला थोडा सरकत होता, सूर्यास्ताबरोबर. मध्यम लहरींचा रेडिओ ५२६.५ ते १६०६.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि आमचे टोनही त्याच पट्ट्यातून जातात. सहाशे किलोहर्ट्झवरचं केंद्र बरोबर एकशे एकोणचाळिसाव्या टोनवर येऊन बसतं. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांतला डी-थर, साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा, या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याहून वरच्या थरांवरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर दूरची केंद्रं आपल्या तारेवर उतरतात. खांबावरची चार किलोमीटर तार ही शेवटी एक लांबलचक एरियलच आहे. टोननिहाय बिटांचा आलेख रात्री पाहिला तर त्यात खाचा पडलेल्या दिसतात, एकेका केंद्राची एकेक. याला बिघाड म्हणता येत नाही. लाइनमनला खांबावर चढवून सूर्यास्त दुरुस्त करता येत नसतो.

आमचा खरा चोर सकाळचा होता. नोंदी साठल्या तेव्हा दिसलं की बहुतेक तुटी सकाळी, एका तासाभराच्या पट्टीत आहेत. उरलेला दिवस जवळजवळ कोरा. सुरुवातीला ही पट्टी सातच्या अलीकडे होती, आणि शेजारच्या मोटरीवर, मिक्सरवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग दिवस लहान होत गेले आणि पट्टी पुढे सरकली. साडेसात. आठकडे. कुणाच्या घरातलं यंत्र असं सरकत नाही. हे उन्हाचं घड्याळ होतं. ढगाळ सकाळी पट्टीच गायब, किंवा ढग फाटले त्या वेळी उशिरा उगवलेली. दवाचा संशय याच कारणाने बाद झाला: दव पहाटे सर्वांत जास्त असतं आणि पहाटे लाइन निवांत होती.

दुसरा धागा योगायोगाने हाती लागला. सकाळच्या त्या पट्टीत कुणाचा लँडलाइनवर फोन आला आणि बोलणं चालू असेल, तर ब्रॉडबँड तुटत नसे. फोन ठेवल्यावर काही वेळाने पुन्हा लुकलुक. सहसा लोक उलटं सांगतात: फोन वाजला की नेट जातं. ते लक्षण बहुतेक वेळा फिल्टरकडे किंवा घंटीच्या व्होल्टेजखाली डगमगणाऱ्या जोडाकडे बोट दाखवतं. इथे मात्र बोलण्याने लाइन बरी होत होती, आणि हे लक्षण जुन्या लाइनमन मंडळींना चांगलं ओळखीचं आहे.

त्याचं असं आहे. फोन ठेवलेला असताना तारेवर एक्स्चेंजचे सुमारे ४८ व्होल्ट असतात पण प्रवाह जवळजवळ नसतो. रिसीव्हर उचलला की वीस-तीस मिलिअँपिअर वाहू लागतात. तांब्याचे दोन तुकडे पीळ देऊन जोडले असतील आणि आत ओल शिरली असेल, तर त्यांच्यामध्ये ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. ब्रॉडबँडचा सिग्नल इतका नाजूक की तो हा पापुद्रा भेदू शकत नाही. बोलण्याचा प्रवाह भेदतो. म्हणून फोनवर बोलणाऱ्याला लाइन स्वच्छ वाटते, आणि म्हणूनच “आवाज तर छान येतोय” हा निष्कर्ष इथे फसवा असतो. तपासणी स्वतःच रोग दडपते.

आता ऊन आणि पापुद्रा एकत्र ठेवा. तांबं तापून जितकं प्रसरण पावतं त्याच्या कितीतरी पट प्लास्टिक पावतं. सकाळचं तिरकं ऊन जोडाच्या काळ्या टोपणावर पडलं की आवरण एका बाजूने ताणतं, आतला सैल पीळ केसभर हलतो आणि संपर्क जातो. थोड्या वेळाने सगळंच एकसारखं तापतं, नवीन जागी पुन्हा टेकतं, लाइन स्थिरावते. दुपारी येणाऱ्याला काय दिसणार?

बिघडलेला जोड सिग्नल क्षीण करतो एवढंच नाही. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. फोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन का नेतात? अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि घेणारं यंत्र दोन्हींमधला फरक तेवढा मोजतं, म्हणून गोंगाट वजा होतो. ही वजाबाकी दोन्ही तारा तंतोतंत सारख्या असतील तरच बरोबर येते. एका तारेत शे-दोनशे ओहमचा सडका जोड घुसला, दुसरी धडधाकट राहिली, की तराजू झुकतो. मग रेडिओ केंद्रं, मोटरी, कुंपणं, आजवर जे सगळं वजा होत होतं ते आत ओतू लागतं. मोडेमच्या पानावर हे गोंगाट म्हणून दिसतं आणि माणूस गोंगाट करणारं यंत्र शोधत गावभर फिरतो. यंत्र कुठेच नसतं. गोंगाट पूर्वीइतकाच आहे. वजाबाकी करणारा आजारी पडलाय.

दरम्यान तंत्रज्ञ येत होते. येण्याची वेळ त्यांच्या हाती नव्हती, ती त्यांच्या दिवसाच्या यादीनुसार ठरे आणि आमच्यापर्यंत यादी पोहोचेपर्यंत दुपार उलटलेली असे. मीटर लावायचा, आकडे चांगले यायचे, “फॉल्ट नाही” लिहून तक्रार बंद. मला त्यांचा राग येत नव्हता. ज्या माणसाला तासाभरात पुढच्या तक्रारीवर पोहोचायचंय त्याने जे नाही ते कुठून शोधावं? राग यायचा तो तक्रारीच्या त्या फॉर्मचा, ज्यात “काय बिघडलं” यासाठी चौकट आहे आणि “केव्हा बिघडतं” यासाठी नाही.

त्यांच्यातल्या एकाने काहीतरी करायचं म्हणून पेअर बदलून दिली. केबलमध्ये मोकळ्या जोड्या असतात. तुमची काढून दुसरीवर टाकली. आठवडे बरे गेले. या उपायाबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी लपवणार नाही. पेअर बदलल्याने बिघाड दुरुस्त होत नाही, त्याचा मालक बदलतो. सडकी जोडी मोकळ्या जोड्यांच्या यादीत परत जाते, “चालू” म्हणून, आणि पुढच्या ज्याला नवी जोडणी मिळेल किंवा ज्याची अशीच तक्रार येईल त्याच्या माथी बसते. कागदावर दोन तक्रारी सुटतात, खांबावर एकही नाही.

पण त्या बदलाने नकळत एक मोलाची गोष्ट सांगितली. काही आठवड्यांनी तुटी परतल्या, त्याही उन्हाच्या त्याच पट्टीत. तारांची जोडी वेगळी, घड्याळ तेच. म्हणजे दोन्ही जोड्या ज्या एका जागेतून जातात तिथे, एकाच टोपणाखाली, ओल शिरलेली होती. “केव्हा”ने आता “कुठे”कडे बोट दाखवायला सुरुवात केली होती.

पुढची तक्रार मी वेगळी लिहिली. “स्लो आहे” नाही, “सारखं तुटतं” नाही. लिहिलं: ऊन आल्यावर तासभर तुटते, ढगाळ दिवशी तुटत नाही, फोनवर बोलताना तुटत नाही, दुपारी तपासल्यास दोष दिसणार नाही. सोबत आलेख. ती कुणी वाचली कोण जाणे, पण या वेळी आले ते वयस्क लाइनमन काका सकाळी अंधार फिटायच्या सुमाराला आले. टेस्टरची पेटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, “ताई, ऊन येईपर्यंत काही करायचं नाही. बसू.”

टेस्टर टीडीआर होता. कल्पना साधी: तारेत विजेचा एक छोटा धक्का सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. जिथे तारेचा स्वभाव बदलतो तिथून थोडा धक्का परत येतो. तुटलेल्या टोकावरून सुलटा, शॉर्ट झालेल्या जागेवरून उलटा. तारेत सिग्नल प्रकाशाच्या दोन तृतीयांश वेगाने पळतो, म्हणजे जाऊन-येऊन एका मायक्रोसेकंदाला शंभर मीटर. पडद्यावर एकच रेघ, आणि तिच्यावरचे उंचवटे म्हणजे वाटेतली माणसांची कामं: इथे जोड, इथे केबलची जाडी बदलली, इथे कधीकाळी एखाद्या घराला दिलेली आणि नंतर तशीच लोंबत राहिलेली फांदी. या विसरलेल्या फांद्याही एक वेगळंच प्रकरण आहे. पन्नास मीटरची अशी तार एक मेगाहर्ट्झच्या आसपासचे टोन परस्पर गिळते, कारण तिच्या टोकावरून परतलेली लाट मूळ लाटेला नेमकी उलटी येऊन भेटते. काकांनी रेघेवरच्या एका ठिकाणी नख टेकवून सांगितलं, “ही फांदी मीच टाकली होती. ते घर आता पडलंय.”

टोकाशी बसून लांबवरचा दोष मोजण्याची ही विद्या टेलिग्राफइतकीच जुनी. १८५८ सालची अटलांटिक केबल जेमतेम तीन आठवडे चालली. केबल कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने तिच्यावर भलतंच जास्त व्होल्टेज चढवल्याने ती आणखी बिघडली. समुद्राच्या तळाला कुणी चालत जाऊ शकत नव्हतं, त्यामुळे किनाऱ्यावर बसून तारेचा विद्युतरोध मोजायचा आणि दोष किती मैलांवर आहे याचं गणित मांडायचं, एवढाच मार्ग होता. ऑलिव्हर हेव्हिसाइड तरुणपणी टेलिग्राफ ऑपरेटर होता. १८७३ साली त्याचा एक लेख व्हीट्स्टन ब्रिजवर, म्हणजे रोध मोजण्याच्या याच साधनावर होता. पुढे तारेवरून लाट कशी जाते याची जी समीकरणं त्याने मांडली, त्यांच्यावरच एडीएसएलचं तारेविषयीचं गणित उभं आहे.

ऊन आलं. मी मोडेमच्या पानासमोर, काका टेस्टरसमोर. आधी दोघांनाही काही नाही. मग पडद्यावरच्या रेघेत, जिथे मघाशी सपाट होतं तिथे, एक बारीक कुबड उगवलं. हलत होतं. सहा मायक्रोसेकंदांच्या थोडं पुढे. काकांनी गुणाकार केला नाही, त्यांना खांब पाठ होते. “वळणावरचा,” म्हणाले. “तिथलं मोठं झाड वादळात पडलं ना? तेव्हापासून त्या टोपणावर सकाळचं थेट ऊन.” तुटी सुरू झाल्याच्या नोंदी त्यानंतरच्याच होत्या.

खांबावरून त्यांनी मोबाइलवर फोन केला. लँडलाइन वापरायची नाही हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. मी मार्जिन वाचून दाखवत होते. सात. सात. साडेसहा. मग त्यांनी टोपणाखाली बोट घालून तारांचा झुबका किंचित हलवला आणि आकडा एकवर आपटला, पुढच्या क्षणी जोडणीच गेली. “गेली का?” वरून आनंदाने ओरडले. कुणाची लाइन गेल्यावर दोन माणसं इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

आत हाताने पीळ देऊन प्लास्टिकच्या नळीत कोंबलेले जुने जोड होते. एकाची एक तार काळी, दुसरीवर हिरवा गंज. काकांनी चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी कापलं, जेली भरलेले नवे कनेक्टर पक्कडीत दाबले, टोपण बदललं आणि तोंड खाली येईल असं बांधलं. आदेश फक्त आमच्या जोडीचा होता. त्यांनी त्या टोपणातल्या सगळ्या चालू जोड्या नव्याने केल्या. आमची ती सोडून दिलेली आधीची जोडीही केली, मी विचारण्याआधीच.

लाइन त्यानंतर सकाळची तुटलेली नाही. स्वयंचलित व्यवस्थेला विश्वास बसायला वेळ लागला, मग तिने हळूहळू वेग परत दिला. फार नाही, चार किलोमीटरला मिळतो तेवढाच. संध्याकाळचा खळगा आहे तसाच आहे.

याच केबलवर आमच्या पुढे अजून एक घर आहे. त्यांचीही तक्रार जुनी, “फॉल्ट नाही” लिहून कितीदा तरी बंद झालेली, आणि तो जोड नवा केल्यावरही त्यांच्याकडे फरक पडला नाही. काका मला म्हणाले, “ताई, ते तुमचं नोंदीचं तिथेही लावून द्या की.” मी दर मिनिटाला मोडेमचं पान वाचून आकडे साठवणारा माझा छोटा प्रोग्रॅम त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर टाकून दिला. त्यांच्या आलेखातले खळगे ऊन पाळत नाहीत आणि सूर्यास्तही पाळत नाहीत. ज्या दिवशी विहिरीवरचा पंप चालतो त्याच दिवशी ते दिसतात, पंप सुरू होताना आणि बंद होताना, मधला वेळ स्वच्छ. तिथे आता लाइनमन नको, स्टार्टर उघडून बघणारा इलेक्ट्रिशियन हवाय, आणि तो दुपारी आला तरी चालेल.